पुस्तकांची वर्गवारी लावताय? या चुका टाळा

‘मॅडम, आमच्या वाचनालयातली पुस्तकं विषयवार लावायची आहेत. शनिवार-रविवार मोकळे आहात का?’ असा फोन मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात २८ वर्षं काम केलं, आणि निवृत्तीनंतर गावोगावची वाचनालयं लावून देते. त्यामुळे आधीच सांगते: सहा हजार पुस्तकं दोन दिवसांत लागत नाहीत. उत्साही मुलं जमवून, चहा-वडापाव आणून कुणी लावलीच, तर सहा महिन्यांत पुन्हा विस्कटतात. मग तेच लोक म्हणतात की आमचा शिपाई नीट ठेवत नाही. शिपायाचा काही दोष नसतो. वर्गच चुकीचे पाडलेले असतात. गेल्या काही वर्षांत त्याच त्या चुका इतक्या ठिकाणी पाहिल्या की आता लिहूनच टाकते.

संकीर्णचं कपाट

ही सगळ्यात मोठी चूक, आणि मला सगळ्यात जास्त त्रास देणारी.

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातलं वाचनालय. कादंबरी, कथा, नाटक, कविता, चरित्र, धार्मिक, बालसाहित्य असे वर्ग पाडलेले आणि शेवटी संकीर्ण. सुरुवातीला म्हणे ती एक फळी होती. मी गेले तेव्हा चार लोखंडी कपाटं भरली होती. पहिल्याच दिवशी एक आजी आल्या. नातीचं लग्न होतं, हळद दळताना म्हणायच्या ओव्या हव्या होत्या. ‘माझ्या आईला येत होत्या, मला अर्ध्याच येतात,’ म्हणाल्या. तिथल्या तरुण ग्रंथपालाने कवितेत शोधलं, मग धार्मिकमध्ये शोधलं आणि ‘आजी, आपल्याकडे नाही’ म्हणून सांगितलं. त्याने खरोखर मनापासून शोधलं होतं.

चौथ्या दिवशी आम्ही संकीर्ण रिकामं करायला घेतलं. घरगुती वीजदुरुस्तीचं पुस्तक आणि रेल्वेचं जुनं वेळापत्रक यांच्या मधे जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह निघाला. एक नाही, दोन प्रती. दाखल नोंदवहीत नोंद १९९४ ची. मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेली तारखांची चिठ्ठी दोन्ही प्रतींवर कोरी, एकही शिक्का नाही. म्हणजे पुस्तक विकत घेतलं, दाखल केलं, शिक्का मारला आणि तेव्हापासून ते एकाही माणसाच्या हातात गेलं नाही. ग्रंथपालाने लगेच एका मुलाला सायकलवर आजींच्या घरी पिटाळलं. तोपर्यंत हळद दळून झाली होती.

त्या चार कपाटांतून आणखी काय काय निघालं! ऊस, द्राक्षबाग, शेळीपालन, विहीर-पुनर्भरण अशी साठ-सत्तर पुस्तकं. ज्या गावात अर्धे सभासद शेतकरी, त्या गावात शेतीला वर्गच नव्हता, कारण वर्ग ज्यांनी पाडले त्यांना स्वतःला कादंबऱ्या वाचायला आवडत होत्या.

संकीर्ण भरतं ते पुस्तकं अवघड असतात म्हणून नाही. निर्णय घ्यायचा कंटाळा येतो म्हणून भरतं. प्रत्येक विषयाला एक आकडा देणाऱ्या ड्युईच्या दशांश पद्धतीत ००० हा वर्ग आहे, तोही लोक याच कामाला लावतात. ००० म्हणजे ज्ञानकोश, संगणक, ग्रंथालयशास्त्र वगैरे. ‘काही कळलं नाही’ याचा तो क्रमांक नव्हे.

माझी सवय अशी: टेबलाखाली एक खोका, त्यावर ‘ठरायचंय’ असं लिहिलेलं. त्यात वीसच पुस्तकं मावली पाहिजेत, मुद्दाम लहान खोका घ्यायचा. दर शनिवारी दुपारी तो रिकामा करायचा, मग डोकं कितीही दुखो. एकाच जातीची दहा-बारा पुस्तकं येताहेत असं दिसलं की नवा वर्ग उघडायचा. त्या वाचनालयात ३९८ खाली लोकसाहित्य उघडलं आणि ६३० खाली शेती. ड्युईत उसाला ६३३.६१ आहे, शेळ्यांना ६३६.३९ आहे, पण एका कपाटाच्या शेतीसाठी एवढं खोलात जायची गरज नाही. ‘६३० शेती’ एवढी पाटी शेतकऱ्याला पुरते.

नियम ठरवायचा, पण लिहायचा नाही

वाचनालय सकाळी दोन-तीन तास, संध्याकाळी दोन-तीन तास उघडं. सकाळी एक माणूस, संध्याकाळी दुसरा. एका ठिकाणी सकाळच्या बाई तुकोबांचे अभंग कवितेत ठेवायच्या, संध्याकाळचे गृहस्थ ते उचलून धार्मिकमध्ये न्यायचे. दोघांनाही वाटायचं की समोरचा निष्काळजी आहे. बोलणं बंद व्हायची वेळ आली होती. मी दोघांना बसवून विचारलं, तेव्हा दोघांकडेही चोख उत्तर होतं. बाई म्हणाल्या, अभंग म्हणजे कविताच. गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे वारीला जाणारी माणसं ते मागतात.

ड्युईकडे गेलात तरी सुटका नाही. मराठी कविता ८९१.४६१ आणि हिंदू धर्म २९४.५, दोन्ही दारं उघडी. त्यातही ही पद्धत कुठे जन्मली ते लक्षात ठेवावं लागतं. मेलव्हिल ड्युई अमेरिकेतल्या ॲमहर्स्ट कॉलेजच्या ग्रंथालयात होता. १८७६ साली त्याने पहिली आवृत्ती काढली, अवघ्या ४४ पानांची. त्याच्यासमोरच्या फळ्यांवर जी पुस्तकं होती त्यांच्या मापाने त्याने वर्ग बेतले. म्हणून धर्माच्या २०० मधले २२० ते २८० ख्रिस्ती धर्माला, आणि हिंदू, बौद्ध, जैन, शीख, इस्लाम असे सगळे २९० च्या घरात. आपल्याकडे एकट्या वारकरी वाङ्मयाची तीन कपाटं असतात. ती २९४.५ मध्ये कोंबायची तर दशांशचिन्हापुढे आकडे वाढवत बसावं लागतं. पद्धत उत्तम आहे, मी आयुष्यभर वापरली. पण ती कुणाच्या फळीसाठी शिवली होती हे ठाऊक नसेल, तर कुठे उसवून घ्यायची तेही कळत नाही.

महाविद्यालयात मी संतकाव्य ८९१.४६१ मध्येच ठेवत होते. एम. ए. मराठीची मुलं ते कवितेबरोबर मागायची. गावातल्या वाचनालयात मात्र मी मूळ वाङ्मय, टीका आणि निरूपणं सगळी एकत्र धर्मात ठेवते, कारण ज्ञानेश्वरी नेणारा माणूस पुढच्या खेपेला तिच्यावरचं निरूपण मागतो. दोन्ही निर्णय बरोबर आहेत. निर्णय तोंडी राहिला की घोळ होतो.

म्हणून निर्णयवही. शंभरपानी साधी वही, काउंटरच्या खणात. शंका आली, ठरवलं, की एक ओळ लिहायची: तारीख, काय ठरलं, का ठरलं. माझ्या एका वहीतल्या ओळी तशाच देते:

‘डॉक्टरांचं आत्मचरित्र चरित्रात, वैद्यकात नाही. वाचक माणसासाठी मागतो.’

‘योग: आसनांची पुस्तकं ६१३ मध्ये, योगदर्शन १८१ मध्ये.’

‘ऐतिहासिक कादंबरी कादंबरीतच. नायक कोणीही असो.’

ही तिसरी ओळ लिहिताना कार्यकारिणीत मोठा वाद झाला. एक सदस्य तळमळून म्हणाले, महाराजांवरचं पुस्तक तुम्ही गोष्टींच्या कपाटात कसं ठेवता? त्यांची भावना मला समजत होती. पण त्याच गावात आठवीतल्या एका मुलाने वक्तृत्व स्पर्धेत कादंबरीतला संवाद ‘महाराज म्हणाले’ असं म्हणून सांगितला होता आणि परीक्षकांनी त्याचे गुण कापले होते. पुस्तक त्याने इतिहासाच्या कपाटातून घेतलं होतं. आपणच त्याला फसवलं, असं मी सभेत सांगितलं. त्यानंतर ती ओळ वहीत गेली, खाली कार्यवाहांची सही घेतली.

आणि जी माणसं म्हणतात की एकच पुस्तक दोन विषयांचं असलं तर काय करू, त्यांना मी रंगनाथनांची आठवण देते. एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिकायला लंडनला गेले. तिथे एका दुकानात मेकॅनो या जोडणीच्या खेळण्याचा संच पाहिला. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, जोडणी बदलली की वेगळी वस्तू. त्यावरून त्यांना सुचलं की विषयांना तयार खोल्यांत कोंबण्याऐवजी विषयाचे पैलू सुटे करावेत आणि हवे तसे जोडावेत. १९३३ मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती छापून आली. ती संपूर्ण पद्धत लहान वाचनालयात राबवा असं मी म्हणत नाही, पण त्यातली दृष्टी घ्या. पुस्तक फळीवर एकाच जागी उभं राहतं, पण तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या सूचीत, त्याच्या नोंदी हव्या तितक्या करता येतात. एक्सेलमध्ये ‘जागा’ हा रकाना एकच ठेवा आणि ‘विषय’ हे रकाने तीन ठेवा. महाराजांवरची कादंबरी शोधणाऱ्याला ती इतिहास या शब्दानेही सापडली पाहिजे.

व्याख्या पाठ करून घेणं

नवा माणूस कामाला लागला की त्याला वर्गांची व्याख्या असलेला कागद देतात. ‘ललित म्हणजे लेखकाच्या व्यक्तिनिष्ठ अनुभवाचे...’ बिचारा वाचतो, मान डोलावतो आणि पहिलंच प्रवासवर्णन ललितमध्ये ठेवतो.

माणूस व्याख्येवरून वर्ग शिकत नाही, नमुन्यावरून शिकतो. एलेनॉर रॉश या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात प्रयोग करून हे दाखवलं. पक्षी म्हटलं की आपल्याला चिमणी, कावळा आठवतो. शहामृग पक्षीच आहे, पण तो त्या घोळक्याच्या अगदी कडेला उभा असतो. वर्गाला असा एक गाभा असतो आणि कडा धूसर असतात. म्हणून मी नव्या माणसाला गाभ्यातली पाच पुस्तकं हातात देते, मग काठावरची दोन, मग जे हमखास चुकून तिथे जातं असं एक. पुस्तकं चाळायला लावते. अर्ध्या तासात त्याची नजर बसते.

त्यानंतर परीक्षा. चाळीस पुस्तकं घ्यायची. दोघांनी वेगवेगळं, एकमेकांना न विचारता, प्रत्येकात वर्गाची चिठ्ठी घालायची आणि मग चिठ्ठ्या ताडून पाहायच्या. जिथे सारखी फारकत होते तिथे माणसाला रागवू नका. तो वर्गच नीट पाडलेला नाही, तो दुरुस्त करा. ‘वैचारिक’ हा वर्ग या परीक्षेत मी नेहमी नापास होताना पाहते.

देणगीदाराचं कपाट

‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ अशी पाटी, काचेचं दार, कुलूप. आत सुंदर पुस्तकं, त्यात कोश, इतिहास, कायदा, सगळं एकत्र. हा वर्ग पुस्तक कुठून आलं यावरून पडलेला असतो, आणि वाचकाला त्याच्याशी काही कर्तव्य नसतं. घरच्यांना नीट समजावून सांगा. प्रत्येक पुस्तकाच्या आत देणगीदाराच्या नावाची चिठ्ठी चिकटवा आणि पुस्तकं आपापल्या विषयात मिसळू द्या. मी स्वतः एका कुटुंबाकडे जाऊन हे बोलले आहे. त्यांच्या आईने दोन मिनिटांत होकार दिला. समितीला वर्षानुवर्षं विचारायचं धाडस झालं नव्हतं.

बाकीच्या चुका थोडक्यात.

संगणकात ‘चरित्र’, ‘चरीत्र’ आणि ‘चरित्रे’ असे तीन वर्ग तयार होतात. वर्गाचं नाव टाइप करू देऊ नका, यादीतून निवडायला लावा.

तीन पुस्तकांसाठी नवा वर्ग उघडू नका.

मोठ्या ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेतून वर्गांक उचलून चिकटवणं हा आळस आहे. तो क्रमांक त्यांच्या लाखो पुस्तकांत बरोबर असतो. तुमच्या पुस्तकाच्या पाठीवर तो मावतही नाही.

स्टिकर सगळ्यात शेवटी. महिनाभर पेन्सिलने लिहा. घाईघाईने रंगीत स्टिकर लावलेली पुस्तकं मी ब्लेडने खरवडत बसले आहे, पाठीचं कापड निघून येतं.

फळ्या ठासून भरू नका. प्रत्येक फळीचा तिसरा भाग मोकळा सोडा. ग्रंथालय ही वाढणारी संस्था आहे, हा रंगनाथनांनी १९३१ मध्ये सांगितलेल्या पाच नियमांतला पाचवा. तो पाळला नाही तर जागा नाही म्हणून पुस्तक भलत्या वर्गात जातं, आणि तिथलंच होऊन राहतं.

काउंटरवर न बसता वर्ग पाडणं

सुट्टीच्या दिवशी, वाचनालय बंद ठेवून, पंख्याखाली बसून वर्गांची यादी करतात. तिथेच पाया चुकतो. यादी करण्याआधी निदान दोन आठवडे देवघेवीच्या काउंटरवर बसा आणि वाचक जे शब्द बोलतो ते जसेच्या तसे लिहून घ्या. ‘काहीतरी वाचायला द्या’ हेसुद्धा लिहा. नवशिक्यांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. मला विचाराल तर सगळ्या कामातला हाच भाग मी कधीही दुसऱ्यावर सोपवत नाही.

मागच्या वर्षी एका वाचनालयात मी अशी यादी केली. कादंबरी, रहस्यकथा, पाककृती, पोलीस भरती हे अपेक्षित होतंच. पण एक मागणी पुन्हा पुन्हा लिहावी लागली, वेगवेगळ्या तोंडून: ‘ठळक अक्षरातलं आहे का काही?’ संध्याकाळी येणारी निम्मी माणसं सत्तरीच्या पुढची होती. मग आम्ही सगळी कपाटं फिरून मोठ्या टाइपातली पुस्तकं वेचली, विषय कोणताही असो, एकशे तीस निघाली. खिडकीजवळ, कमरेच्या उंचीवर, म्हणजे वाकावं लागू नये अशा फळीवर ती लावली. पाटी बॉलपेनने लिहिली होती: ‘मोठी अक्षरं’. दुसऱ्याच आठवड्यात फळी अर्धी रिकामी झाली.