पावले मोजणारे ॲप चुकते आहे? आधी या चुका टाळा

पर्वतीला नेमाने जाणाऱ्या माझ्या मावशीने एके सकाळी फोन माझ्यापुढे धरला आणि तक्रार केली, "पायऱ्या १०३, आणि हा दाखवतोय दोनशेच्या वर. खोटारडा आहे तुझा ॲप." पर्वतीच्या पायऱ्या रुंद आहेत, त्यातल्या बऱ्याच पायऱ्यांवर एकाऐवजी दोन पावले पडतात, त्यामुळे खोटारडा कोणीच नव्हता, फक्त पडताळणीसाठी निवडलेले माप चुकीचे होते. पावले मोजणाऱ्या ॲपविषयीच्या बहुतेक तक्रारींची मुळे अशीच ॲपच्या बाहेर असतात. कधी ती फोन ठेवण्याच्या जागेत असतात, कधी परवानग्यांमध्ये, आणि सर्वांत जास्त वेळा बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमध्ये.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी मोजणी कशी होते हे थोडक्यात समजून घ्यावे. फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर नावाचा सेन्सर असतो. तो तिन्ही दिशांमधील हिसके टिपतो आणि त्या हिसक्यांची लय चालण्यासारखी वाटली की त्याची पावले धरली जातात. २०१३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.४ पासून अँड्रॉइडने यासाठी वेगळ्या, कमी वीज खाणाऱ्या पाऊल-सेन्सरची सोय केली, आणि त्याच वर्षीच्या आयफोन ५एसमध्ये एम७ ही स्वतंत्र चिप आली. या मोजणीला जीपीएस लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. एखादा धक्का म्हणजे पाऊल समजले जाऊ नये म्हणून अनेक फोन सलग काही पावले पडल्याशिवाय मोजणी सुरूच करत नाहीत. म्हणून स्वयंपाकघरातून दारापर्यंत चार पावले टाकून आकडा हलतो का ते पाहणे निरर्थक आहे.

पडताळणीची योग्य पद्धत सोपी आहे. ॲपमधील आकडा कागदावर लिहून घ्यावा, फोन पँटच्या पुढच्या खिशात ठेवावा आणि सपाट रस्त्यावर नेहमीच्या वेगाने, मनात मोजत, न थांबता १०० पावले चालावे. त्यानंतर एखादा मिनिट थांबून ॲप उघडावे, कारण वीज वाचवण्यासाठी सेन्सर पावलांची नोंद एकगठ्ठा पुढे पाठवू शकतो. फरक चार-पाच पावलांचा असेल तर मोजणी ठीक आहे असे समजावे आणि दोष इतरत्र शोधावा.

इतरत्र म्हणजे पहिल्यांदा फोनच्या जागेत. घरात दिवसभर राबणाऱ्या माणसाचा फोन ओट्यावर किंवा फ्रिजवर पडून असतो, आणि रात्री ॲप हजार-बाराशे पावले दाखवते तेव्हा ते चुकत नसते. फोन तेवढाच चाललेला असतो. मोठ्या पर्समध्ये किंवा भाजीच्या पिशवीत तळाशी गेलेल्या फोनपर्यंत पावलाचा हिसका बोथट होऊन पोहोचतो. ट्रेडमिलच्या स्टँडवर ठेवलेला फोन जवळजवळ काहीच मोजत नाही. मनगटावरच्या घड्याळाची गत वेगळी आहे: बाबागाडी किंवा मॉलमधली ट्रॉली ढकलताना हात स्थिर राहतो आणि घड्याळ मोजणी सोडून देते, तर त्याच वेळी खिशातला फोन नीट मोजत असतो. पाय घासत, सावकाश चालणाऱ्या वृद्धांची पावले कमी मोजली जातात. तो या तंत्राचाच कमकुवतपणा आहे आणि कोणतेही सेटिंग बदलून तो पूर्णपणे जात नाही. याच्या उलट, खड्ड्यांच्या रस्त्यावरून दुचाकीने गेल्यावर न चाललेली पावले जमा होऊ शकतात. ती कोणाला खटकत नाहीत, ही गोष्ट निराळी.

दुसरी चूक परवानगीची. अँड्रॉइड १० पासून ॲपला 'फिजिकल ॲक्टिव्हिटी' ही परवानगी स्वतंत्रपणे द्यावी लागते, आणि ॲप पहिल्यांदा उघडताना घाईघाईत सगळ्याला नकार देणाऱ्यांच्या फोनवर आकडा शून्यावरच राहतो. सेटिंग्ज, ॲप्स, संबंधित ॲप आणि परवानग्या या क्रमाने जाऊन ती तपासावी. काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या अँड्रॉइड आपणहून काढून घेऊ शकते, म्हणून आजारपणात काही महिने चालणे थांबवून पुन्हा सुरुवात करणाऱ्यांनी ही तपासणी अवश्य करावी. आयफोनवर हीच बाब प्रायव्हसीच्या सेटिंगमधील 'मोशन अँड फिटनेस'मध्ये सापडते. लोकेशनची परवानगी मात्र केवळ पावलांसाठी देण्याची गरज नाही. चाललेला मार्ग नकाशावर हवा असेल तरच ती लागते.

आता सर्वांत त्रासदायक कारण. बॅटरी जास्त टिकावी म्हणून बरेच अँड्रॉइड फोन पार्श्वभूमीला चालणारी ॲप्स झोपवतात किंवा बंदच करतात. वापरणाऱ्याला याचा पत्ता नसतो. त्याला एवढेच दिसते की सकाळची पावले आली आणि दुपारनंतरची गायब झाली. इथे एक खूण उपयोगी पडते. ॲप उघडताच आकडा एकदम दोन-तीन हजारांनी उडी मारत असेल तर मोजणी नीट चालू होती, फक्त ॲपपर्यंत ती उशिरा पोहोचली, आणि त्यात काळजीचे काही नाही. ॲप उघडूनही मधल्या तासांची पावले कधीच येत नसतील, तर ॲप बंद पाडले जात आहे असे समजावे. अशा वेळी त्या ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' हा पर्याय निवडावा, आणि शाओमीसारख्या काही फोनवर 'ऑटोस्टार्ट' नावाचे वेगळे बटण असते तेही चालू करावे, नाहीतर फोन बंद करून सुरू केल्यावर ॲप आपणहून जागे होत नाही. अलीकडे उघडलेली ॲप्स एका फटक्यात 'साफ' करण्याची सवय आणि रॅम मोकळी करून देणारी क्लीनर ॲप्स हेही याच दुखण्याचे भाऊबंद आहेत. फोन हलका झाल्याच्या समाधानात आपण मोजणारालाच घरी पाठवतो.

आकडा दुप्पट येत असेल तर घरात दोन हिशेबनीस आहेत का ते पाहावे. फोन मोजतो, घड्याळही मोजते, आणि दोघांची बेरीज करणारे तिसरे ॲप असते. आयफोनच्या हेल्थ ॲपमध्ये पावलांखाली माहितीच्या स्रोतांची यादी असते आणि तिचा क्रम बदलता येतो. वेगवेगळ्या ॲप्सची आरोग्यविषयक माहिती एकत्र ठेवणाऱ्या आणि अँड्रॉइड १४ पासून प्रणालीतच आलेल्या 'हेल्थ कनेक्ट'मध्येही कोणत्या स्रोताला प्राधान्य द्यायचे ते ठरवता येते. दोन वेगळ्या ॲप्सचे आकडे तंतोतंत जुळावेत ही अपेक्षा मात्र सोडून द्यावी, कारण हिसक्याला पाऊल कधी म्हणायचे याची प्रत्येकाची कसोटी वेगळी असते.

अंतराच्या आकड्यावर भांडण्यापूर्वी प्रोफाइलमधील उंची पाहावी. जीपीएस वापरात नसेल तर ॲप उंचीवरून पावलाची लांबी अंदाजते. उंचीच्या सुमारे ०.४१५ पट हा त्यासाठीचा एक प्रचलित ठोकताळा आहे. त्यानुसार १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीची १०,००० पावले साधारण ६.६ किलोमीटर होतात आणि १७५ सेंटिमीटरच्या व्यक्तीची साधारण ७.३. नवऱ्याने आपली उंची भरून दिलेला फोन बायको वापरत असेल तर रोज सहा-सातशे मीटर फुकटचे चालणे होते.

हे काहीही न तपासता ॲप काढून पुन्हा टाकणे ही सर्वांत महागडी चूक आहे. खात्यात साइन-इन केलेले नसेल तर मागचा सगळा इतिहास त्याबरोबर जातो. अँड्रॉइडचा पाऊल-सेन्सर तो परत देऊ शकत नाही, कारण फोन बंद करून सुरू केला की त्याची मोजणी शून्यापासून सुरू होते. जुने दिवस फक्त ॲपने जपून ठेवलेले असतात. 'क्लिअर डेटा' या बटणाचाही परिणाम तोच होतो. 'क्लिअर कॅशे' त्यामानाने निरुपद्रवी आहे. म्हणून आधी फोन रिस्टार्ट करावा, मग ॲप अपडेट करावे, आणि काढायचेच असेल तर बॅकअप झाल्याची खात्री करून मगच काढावे.

एवढे करूनही आकडा हलत नसेल तर 'ऑटो-रोटेट' चालू करून एखादा व्हिडिओ लावावा आणि फोन आडवा धरावा. स्क्रीन फिरली तर ॲक्सेलरोमीटर जिवंत आहे, आणि दुसरे एखादे पावले मोजणारे ॲप टाकून तेच १०० पावलांचे माप पुन्हा घेता येईल. रिस्टार्ट करूनही स्क्रीन कोणत्याच ॲपमध्ये फिरत नसेल, तर दोष बहुधा सेन्सरमध्येच आहे आणि फोन सर्व्हिस सेंटरला दाखवावा लागेल.