ऑफिसातला इंटरनेटवरचा फोन सुरक्षित कसा करावा

उद्यमबागेतल्या एका कारखान्यातून सोमवारी सकाळी बोलावणं आलं, बाहेर फोनच लागेना. कॉल लॉग उघडला तर रविवारी रात्री दोन ते चार, १०१ एक्स्टेन्शनवरून परदेशी नंबरांना एकामागून एक कॉल. १०१ म्हणजे अकौंटंट मॅडमचं टेबल, आणि मॅडम तर निपाणीला माहेरी. पासवर्ड काय होता? १०१च. सगळा बॅलन्स गेला बघा.

तर पहिलं काम पासवर्डचं. इंटरनेटवर रात्रंदिवस फिरणारे प्रोग्राम आहेत, ५०६० पोर्ट, म्हणजे इंटरनेट फोनचं नेहमीचं दार, उघडा दिसला की १००, १०१, १०२ असं ओळीनं ठोकत बसतात. प्रत्येक एक्स्टेन्शनला वेगळा, निदान १६ अक्षरांचा वेडावाकडा पासवर्ड द्या, फोनमध्ये तो एकदाच टाकायचा असतोय त्यामुळे पाठ करायची गरजच नाही. बॉक्सच्या, म्हणजे ऑफिसातले सगळे फोन ज्याला जोडलेले असतात त्या यंत्राच्या, अ‍ॅडमिनचा आणि प्रत्येक फोनच्या सेटिंग पानाचा पासवर्ड, आणि व्हॉइसमेलचा पिनपण बदला, या तिन्ही गोष्टी लोक हमखास विसरतात.

मग राउटर उघडा. बसवणारा माणूस घरून बघता यावं म्हणून पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे बाहेरून थेट बॉक्सपर्यंत वाट उघडून जातो आणि ते वर्षानुवर्षं तसंच राहतं, ते काढा. ५०६० फक्त तुमच्या फोन सर्व्हिसवाल्याच्या आयपीला (इंटरनेटवरच्या पत्त्याला) उघडा ठेवा. कोल्हापूर नाहीतर गोव्याच्या ब्रँचमधून फोन जोडायचा असेल तर व्हीपीएनमधूनच, म्हणजे इंटरनेटवरच्या खाजगी, बंद वाटेनंच. बॉक्स अ‍ॅस्टरिस्क या फोन सॉफ्टवेअरवर चालत असेल तर फेल-टू-बॅन हा प्रोग्राम लावा, चुकीचे पासवर्ड मारणारा आयपी आपोआप अडवला जातो.

आणि परदेशी कॉलची गरज नसेल तर ते सर्व्हिसवाल्याकडूनच बंद करून घ्या, माझ्या मते सगळ्यात जास्त पैसा हीच स्टेप वाचवते. चोराला तुमचं बोलणं ऐकायचं नसतं, तो तुमच्या लाइनवरून तिकडच्या महागड्या नंबरांना कॉल लावतो आणि त्यातला वाटा खातो. ऑटो रिचार्जपण बंदच ठेवा, म्हणजे जाईल ते तेवढंच जाईल.

बोलणं झाकायचं असेल तर टीएलएस (कॉल जोडण्याची माहिती झाकतं) आणि एसआरटीपी (आवाज झाकतं) दोन्ही चालू करा. नुसतं टीएलएस केलं तर कोणी कोणाला फोन लावला एवढंच झाकलं जातं, आवाज उघडाच राहतो. फर्मवेअर, म्हणजे फोन आणि बॉक्सच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करत चला, फोन वेगळ्या व्हीलॅनवर टाका, म्हणजे कॉम्प्युटरपासून नेटवर्कच्या वेगळ्या भागात.

दर सोमवारी लॉग बघायचाच. रात्रीचे अनोळखी कॉल दिसले तर बॉक्सची इंटरनेटची वायर काढा, लॉग पुसू नका, सर्व्हिसवाल्याला आउटगोइंग बंद करायला लावा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवा, हा फोन मात्र मोबाइलवरून करा.