न्यूट्रॉन ताऱ्याचा पहिला कोड लिहिताना

या विषयात नवे आलेले लोक पहिल्याच आठवड्यात क्वार्क आणि हायपेरॉन अशा गाभ्यातल्या अनोख्या कणांच्या मागे लागतात. ते नंतर. आधी टॉलमन-ओपनहायमर-व्होल्कॉफ (टीओव्ही) समीकरणे, म्हणजे ताऱ्यातला दाब आणि गुरुत्व यांचा समतोल सापेक्षतेनुसार सांगणारी समीकरणे, सोडवणारा कोड स्वतः लिहा. पायथनमध्ये शंभरेक ओळींचे काम आहे.

पहिला घोळ एककांचा. प्रकाशवेग आणि गुरुत्व-स्थिरांक १ धरून सगळे किलोमीटरमध्ये आणा: सूर्याचे वस्तुमान १.४७७ किमी, आणि प्रति घन फेमटोमीटर १ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) म्हणजे ०.०००००१३२३ प्रति चौरस किमी. केंद्रापाशी त्रिज्या शून्य ठेवली तर भागाकार फसतो, म्हणून काही मीटरांपासून सुरुवात करा आणि तेवढ्या गोळ्याचे वस्तुमान केंद्रीय घनतेवरून भरा.

मग चाचणी. सूर्याचे वस्तुमानही १ धरा (लांबीचे एकक आता १.४७७ किमी). पॉलिट्रोप (दाब = स्थिरांक × घनतेचा घात) घ्या: घातांक २, स्थिरांक १००, केंद्रातली स्थिर-वस्तुमान घनता (कणांच्या फक्त स्थिर वस्तुमानाची, अंतर्गत ऊर्जा न धरता) ०.००१२८. उत्तर १.४० सौर वस्तुमान आणि १४.१५ किमी यायलाच हवे. येत नसेल तर बहुधा समीकरणात ऊर्जा-घनतेच्या जागी स्थिर-वस्तुमान घनता गेलेली असते. या उदाहरणात केंद्राशी दोन्हींत जवळपास १३ टक्के फरक आहे, आणि चूक असूनही आलेख छान गुळगुळीत दिसतो. म्हणूनच ती महिनोन्‌महिने सापडत नाही.

दुसरी चाचणी मुक्त न्यूट्रॉन वायूची, म्हणजे न्यूट्रॉनांमध्ये अणुकेंद्रीय बल नाही असे धरून. ओपनहायमर आणि व्होल्कॉफ यांना १९३९ मध्ये कमाल वस्तुमान सुमारे ०.७ सौर मिळाले होते. तुम्हालाही तेच मिळावे. पीएसआर जे०७४०+६६२० हा पल्सार (फिरता, स्पंद पाठवणारा न्यूट्रॉन तारा) मात्र २.०८ सौर वस्तुमानाचा आहे. मधली तफावत अणुकेंद्रीय बलातल्या प्रतिकर्षणाने भरून निघते. खरा विषय इथून सुरू होतो.

आता कॉम्पोज या ऑनलाइन संग्रहातून एखादे अवस्था-समीकरण (दाब आणि घनता यांचा संबंध) उतरवून घ्या. संतृप्त घनता (जड अणुकेंद्रांच्या आतली घनता) प्रति घन फेमटोमीटर ०.१६ न्यूक्लिऑनच्या आसपास आणि तिथे सममित द्रव्याची (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन समसमान) बंधन-ऊर्जा प्रति न्यूक्लिऑन १६ एमईव्ही आहे ना, ते तपासा. तक्त्यातल्या मधल्या किमती काढताना दाब आणि घनता दोन्हींचे लॉगरिदम घ्या. साधा घन स्प्लाइन वापरू नका: कवच आणि गाभा जिथे जुळतात तिथे तो हेलकावे खातो आणि ध्वनिवेगाचा वर्ग ऋण निघतो. एकदिशीय स्प्लाइन (तक्ता चढता असेल तिथे चढताच राहणारा) किंवा सरळ रेषाच बऱ्या. उलट, तो वर्ग गाभ्यात १ च्या वर, म्हणजे ध्वनी प्रकाशापेक्षा वेगवान, गेला तर दोष कोडचा नसून प्रतिमानाचा असू शकतो.

कवच एका प्रतिमानातून आणि गाभा दुसऱ्यातून उचलला तर कमाल वस्तुमान फारसे हलत नाही, त्रिज्या मात्र शेकडो मीटरने सरकू शकते. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या त्रिज्या मोजणाऱ्या नायसर या क्ष-किरण दुर्बिणीच्या मोजमापांशी तुलना करायची असेल तर हे परवडत नाही.

शेवटी वस्तुमान विरुद्ध केंद्रीय घनता असा आलेख काढा. शिखरापलीकडचे तारे अस्थिर असतात. ते वस्तुमान-त्रिज्या वक्रातून वगळा.