गाडीतून कॅनडातलं स्वतंत्र संगीत ऐकताय? या चुका टाळा

टोरांटोहून कॅलगरीला गाडीने निघालं की सुमारे ३,४०० किलोमीटर आणि चार-पाच दिवस हाताशी असतात. गाडीत मराठी कुटुंब असेल तर पहिल्या दिवशी जुनी हिंदी गाणी, दुसऱ्या दिवशी नाट्यसंगीत आणि तिसऱ्या दिवशी भांडण. त्याऐवजी वाटेत इथलं काहीतरी ऐकावं असं ठरवलं, तरी पहिलाच घोळ होतो तो रेडिओच्या 'स्कॅन' बटणाशी.

स्कॅन जोरदार सिग्नलवरच थांबतं. विद्यापीठांची, स्वयंसेवकांनी चालवलेली स्टेशनं बहुधा कमी ताकदीची. ती हातची निसटतात. आणि ज्यांच्यामागे मोठी कंपनी नाही असे स्वतंत्र कलाकार वाजतात ते तिथेच! म्हणून एफएमचे आकडे निघण्यापूर्वीच कागदावर लिहून घ्या: टोरांटोत सीआययूटी ८९.५, थंडर बेला एलयू रेडिओ १०२.७, विनिपेगमध्ये सीकेयूडब्ल्यू ९५.९ आणि यूएमएफएम १०१.५, कॅलगरीत सीजेएसडब्ल्यू ९०.९. हाताने लावा. शहर मागे पडलं की खरखर सुरू होईल; अँटेना बिघडलेला नसतो, हद्द संपलेली असते. त्यामुळे जेवायला थांबायचं तर शहराच्या आत थांबा. आल्बर्टात मात्र सोय आहे. १९२७ पासून चालू असलेल्या सीकेयूए या स्टेशनाचे ट्रान्समीटर प्रांतभर आहेत, फक्त आकडा बदलत जायचा: कॅलगरीला ९३.७, एडमंटनला ९४.९.

'रेडिओवर कॅनडाचंच संगीत लावायचा कायदा आहे ना, मग कुठलंही स्टेशन चालेल' हा गैरसमज मीही बरीच वर्षं बाळगला. व्यावसायिक स्टेशनांना लोकप्रिय गाण्यांपैकी ३५ टक्के कॅनडाची लावावी लागतात, हे खरं. पण नियम गाणं कॅनडाचं आहे का ते बघतो, कलाकाराचा खिसा बघत नाही. जगभर गाजलेल्या कॅनेडियन गायकांची तीच ती गाणी लावूनही तो कोटा भरता येतो.

फोनवरच्या प्लेलिस्टच्या भरवशावर राहू नका. सू सेंट मरी ते थंडर बे हा सुपीरियर सरोवराकाठचा सुमारे ७०० किलोमीटरचा रस्ता. तिथे मोबाइलची रेंज मैलोन् मैल गायब असते. आदल्या रात्रीच डाउनलोड करा. काय करावं सुचत नसेल तर कॅनडातल्या उत्तम अल्बमला २००६ पासून दिल्या जाणाऱ्या पोलारिस पुरस्काराची यादी उघडा. तिथे मोठी नावंही असतात, पण २०१४ ची विजेती तान्या टगाक इन्युइट या उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांचं कंठगायन करते आणि २०१८ चा जेरेमी डचर वोलास्तोकी या मूळ रहिवाशांच्या भाषेत गातो. शब्द कळत नाहीत म्हणून पुढे ढकलू नका. आपण तरी तराण्याचा अर्थ कुठे विचारतो?

गाणं आवडलं, नाव कळलं नाही? चालकाने फोनला हात लावायचा नाही. ऑंटारियोत पहिल्याच गुन्ह्याला दंडाबरोबर ३ दिवस परवाना निलंबित होतो. शेजारच्याने वेळ टिपून ठेवावी, बरीच स्टेशनं वाजवलेल्या गाण्यांची यादी वेळेसकट देतात. यादीत ते गाणं सापडलं नाही, तर आधी गाडीचं घड्याळ तपासा. थंडर बेच्या पश्चिमेला वेळ एक तास मागे जाते आणि डॅशबोर्ड टोरांटोच्याच वेळेवर अडून बसलेला असतो.

कार्यक्रमाला गेलात तर कलाकाराच्या टेबलावरून सीडी जरूर घ्या. नव्या गाड्यांत ती लावायला जागा नसते, हे मला पार्किंगमध्ये आल्यावर आठवलं होतं. तेव्हा डाउनलोडचा कोड मिळतो का, तेवढं तिथेच विचारा.