पाण्याचे बिल घरबसल्या भरताना: आधी वाचा, मग पैसे पाठवा

मोबाईलवरून पाण्याचे बिल भरायला दोन मिनिटे पुरतात. वेळ जातो तो त्याआधीच्या शोधाशोधीत: बिल नेमके कोणाचे, ग्राहक क्रमांक कुठला, आणि रक्कम एकदम एवढी कशी फुगली? या तीन गोष्टी एकदा लावून ठेवल्या की पुढची सगळी बिले खरोखरच चहा होईपर्यंत भरून होतात.

पहिले काम: पाणी कोण देते ते बघा

हा प्रश्न बाळबोध वाटतो, पण महाराष्ट्रात त्याला एकच उत्तर नाही. मुंबईत पाणी आणि मलनिःसारण दोन्ही महापालिकेकडे आहे. नागपुरात नळ महापालिकेचा असला तरी २०१२ पासून शहराचा पाणीपुरवठा ऑरेंज सिटी वॉटर ही कंपनी सांभाळते, त्यामुळे बिलावर तिचे नाव दिसले तर दचकू नका. अंबरनाथ, बदलापूर आणि अमरावतीत बिल महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचे येते. डोंबिवलीच्या निवासी विभागात ते एमआयडीसीचे असते. गोव्यात नळाचे पाणी पंचायत किंवा नगरपालिका देत नाही, राज्य सरकारचे खाते देते.

पुण्याची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे घरगुती पाणीपट्टी पिढ्यान्‌पिढ्या मिळकतकराच्या बिलातच येते. नव्याने राहायला आलेली माणसे ॲपमध्ये पाण्याच्या बिलाच्या यादीत आपला फ्लॅट शोधत बसतात आणि तो सापडत नाही. अशा वेळी महापालिका कराच्या यादीत जायचे आणि मिळकत क्रमांक टाकायचा. मिळकतकर भरला की घरची पाणीपट्टीही भरली जाते. वर्षाच्या सुरुवातीला, मुदतीत भरणाऱ्यांना सर्वसाधारण करात सवलत मिळते, तेव्हा तो शेवटच्या तारखेपर्यंत लांबवण्यात काही शहाणपण नाही.

ग्राहक क्रमांक तर बहुतेक वेळा काखेत कळसा असतो. जुन्या बिलावर, जुन्या पावतीवर, कधी मीटरच्या पेटीवर रंगाने लिहिलेला सापडतो. मुंबईत त्याला सगळे सीसीएन म्हणतात. त्यात आधी विभागाची इंग्रजी अक्षरे आणि पुढे आकडे असतात. टाकताना मधे जागा सोडू नका, आणि शून्याच्या जागी 'ओ' हे अक्षर दाबले जात नाही ना ते बघा. 'बिल सापडले नाही' असा निरोप आला, तर आधी टाकलेला क्रमांक एकेक आकडा करून पुन्हा ताडून बघा. क्रमांक सापडला की त्याचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. ज्याच्या फोनमध्ये तो आहे तोच नेमका गावाला गेलेला असतो.

मुंबईत फ्लॅटमध्ये राहत असाल तर

मुंबईतल्या बहुतेक इमारतींना एकच मोठी जोडणी आणि एकच मीटर असतो. बिल सोसायटीच्या नावाने येते आणि सोसायटीच ते भरते. तुमच्या वाटचे पैसे मासिक देखभाल खर्चात आधीच धरलेले असतात. म्हणजे तुम्हाला महापालिकेच्या संकेतस्थळावर काही करायचे नाही. मात्र सोसायटीकडे बिल बघायला मागायचा हक्क आहे आणि तो वापरावा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पाण्याचा खर्च प्रत्येक सदनिकेतल्या नळांची संख्या आणि आकार यांवरून वाटायचा असतो. प्रत्यक्षात बऱ्याच सोसायट्या सरसकट समान भाग करतात. तुमच्याकडे कोणती पद्धत आहे हे हिशेबाच्या वहीत दिसेल.

तुम्ही स्वतःच खजिनदार किंवा सचिव असाल, तर पुढचा भाग खास तुमच्यासाठी.

भरण्याआधी बिल वाचा

मुंबईच्या बिलात दोन मोठे आकडे असतात. एक जल आकार, दुसरा मलनिःसारण आकार. सांडपाण्याचा वेगळा मीटर नसतो. जल आकाराच्या ७० टक्के रक्कम मलनिःसारणापोटी लावतात. पाण्याचे १०० रुपये झाले की बिल १७० चे होते. टाकी रात्रभर वाहत राहिली, पाणी गच्चीवरून थेट पावसाळी गटारात गेले, तरी त्यावरही मलनिःसारण आकार लागतोच. गळतीची अशी दुहेरी वसुली होते, म्हणून आधी मीटरकडे बघायचे.

मीटरवरचे काळे आकडे घनमीटर दाखवतात. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर, आणि बिलातले एक युनिटही तेवढेच. लाल आकडे लिटरांचे, ते सोडून द्या. चालू नोंदीतून मागची नोंद वजा केली की वापर मिळतो. समजा ३० दिवसांत ९६० युनिट झाली आणि इमारतीत १६० माणसे आहेत. ९ लाख ६० हजार लिटरला ३० ने आणि मग १६० ने भागा: माणशी रोज २०० लिटर.

हा आकडा महत्त्वाचा, कारण मुंबईत घरगुती दर चढत्या पायरीने लागतो. माणशी रोज १५० लिटरपर्यंत मूळ दर, त्यापुढे २०० पर्यंत दुप्पट, २५० पर्यंत तिप्पट आणि त्याहून जास्त वापराला चौपट. वरच्या उदाहरणात माणशी ५० लिटर दुप्पट दरात गेले. दर वर्षी जास्तीत जास्त ८ टक्के वाढवता येतात असे धोरण २०१२ पासून आहे. बिल एकदम दीडपट आले असेल तर त्याचा दोष दरवाढीला देता येणार नाही. कारण इमारतीतच कुठेतरी आहे.

शोधायची सोपी पद्धत: नळाला पाणी येण्याच्या वेळी जमिनीखालच्या टाकीच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह बंद करा आणि मीटर बघा. काटा फिरतच राहिला, तर मीटर आणि टाकी यांच्या मधली नळी गळते आहे. तो थांबला, तर गळती पुढे आहे. आधी टाकीतला फ्लोट तपासा, मग गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो, मग घरोघरचे फ्लश. फ्लशची बारीक धार आवाज करत नाही, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मीटरच्या पुढची गळती दुरुस्त करणे ग्राहकाच्याच अंगावर असते.

मीटर बंद किंवा वाचता न येण्यासारखा असेल तर बिल सरासरीने येते. ते एकदा आले तर ठीक. पुन्हा आले तर विभाग कार्यालयात सहायक अभियंता (जलकामे) यांच्या नावे लेखी अर्ज द्या, मीटरचा तारखेसह फोटो जोडा आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तोंडी तक्रारीचा पुढे काही पुरावा राहत नाही.

वाद चालू आहे म्हणून बिलच भरायचे नाही, हा मार्ग मात्र महागात पडतो. थकलेल्या रकमेवर महिन्याला २ टक्के अतिरिक्त आकार चढतो, म्हणजे वर्षाला जवळपास पाव भाग. महापालिकेने २०२० मध्ये हा अतिरिक्त आकार माफ करणारी अभय योजना आणली होती. पुन्हा येईल या आशेवर थांबणे म्हणजे पावसाच्या भरवशावर टाकी रिकामी ठेवणे.

आता पैसे भरा

घरगुती बिलाला सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे बँकेचे किंवा यूपीआयचे ॲप. त्यात बिलांच्या विभागात 'वॉटर' निवडा, आपली संस्था शोधा, ग्राहक क्रमांक टाका. पडद्यावर ग्राहकाचे नाव, रक्कम आणि मुदत येईल. इथे अर्धा मिनिट थांबा आणि नाव वाचा. एक आकडा चुकला की शेजारच्या गल्लीतल्या कोणाचे तरी बिल प्रेमाने भरले जाते, आणि ते परत मिळवायला कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. नाव जुन्या मालकाचे दिसले तर घाबरू नका. जोडणी अजून त्याच्या नावावर आहे इतकेच. पत्ता आणि क्रमांक जुळत असतील तर भरा, आणि नाव बदलण्याचा अर्ज वेगळा द्या.

ही सगळी ॲप भारत बिल पेमेंट या एकाच व्यवस्थेला जोडलेली असतात. तिचे नवे नाव भारत कनेक्ट. त्यामुळे कोणत्या ॲपमधून भरले याने फरक पडत नाही. क्रेडिट कार्डावर काही ठिकाणी जादा शुल्क लागते, ते शेवटचे बटण दाबण्याआधी पडद्यावर लिहिलेले असते.

दुसरा मार्ग संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळाचा. मुंबईत त्याचे नाव ॲक्वाप्टॅक्स. जुनी बिले आणि थकबाकी तिथे बघता येते, हा त्याचा खरा फायदा. संकेतस्थळ शोधताना वर येणाऱ्या जाहिरातीवर बोट ठेवू नका. बहुतेक सरकारी पत्त्यांच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असते.

सोसायट्यांची अडचण वेगळी. सर्वसाधारण यूपीआय व्यवहाराला १ लाखाची मर्यादा, आणि मोठ्या इमारतीचे बिल ती सहज ओलांडते. शिवाय सोसायटीच्या खात्याला दोन सह्या लागतात. सचिवाने आपल्या खात्यातून भरून नंतर वळते करून घेणे सोपे वाटते, पण लेखापरीक्षणात तोच मुद्दा निघतो. त्यापेक्षा बँकेकडून दोन जणांच्या मंजुरीने चालणारी नेटबँकिंग सुविधा घ्या. एकजण व्यवहार तयार करतो, दुसरा मंजूर करतो. तेवढी खटपट नको असेल तर धनादेश आहेच. तो बिलावर छापलेल्या नावानेच काढा, मागे सीसीएन आणि संपर्क क्रमांक लिहा आणि विभाग कार्यालयातल्या नागरी सुविधा केंद्रात द्या. मुदतीच्या आठवडाभर आधी, कारण धनादेश वटायला वेळ लागतो आणि न वटल्यास दंड वेगळा.

गावी घर असेल तर

ग्रामपंचायतीची पाणीपट्टी घरपट्टीसोबत वर्षाची एकदम मागितली जाते, आणि मार्च जवळ आला की वसुलीची रिक्षा भोंगा लावून फिरते. आता बऱ्याच ग्रामपंचायतींत क्यूआर कोड लावलेला असतो. स्कॅन केल्यावर खातेदार म्हणून ग्रामपंचायतीचे नाव यायला हवे. एखाद्या माणसाचे नाव आले तर पैसे पाठवू नका, मग तो माणूस कितीही ओळखीचा असो. महा ई-ग्राम या ॲपवरही गावाचे कर भरता येतात. रोख दिलेत तर छापील पावती हातात पडेपर्यंत उंबरठा सोडू नका. जुनी थकबाकी असेल तर राष्ट्रीय लोकअदालतीत पाणीपट्टीची प्रकरणे तडजोडीसाठी घेतली जातात. तिची नोटीस आली तर ती कोर्टाची कटकट समजून फेकू नका.

परदेशात राहणाऱ्यांनाही आता भावाला फोन करायची गरज उरलेली नाही. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती अशा काही देशांतल्या मोबाईल क्रमांकावर अनिवासी खाते जोडून यूपीआय वापरता येते. बँकेने ती सोय दिली आहे का, तेवढे विचारून घ्या.

पैसे गेले, पावती नाही

पैसे कापले जाऊन पडद्यावर 'प्रलंबित' दिसले तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांकाचा फोटो ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे, यूपीआयने पैसे खात्यातून गेले आणि समोरच्याकडे खातरजमा पोहोचली नाही, तर व्यवहारानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. पुढे उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई. तक्रार आधी ज्या ॲपमधून भरले तिथेच करायची. व्यवहार यशस्वी झाला असेल, तरी संस्थेच्या नोंदीत रक्कम दिसायला एखाद-दुसरा दिवस लागू शकतो. म्हणूनच मुदतीच्या रात्री बारा वाजता भरण्याचा पराक्रम टाळावा.

आपोआप बिल भरण्याची सोय मी तरी पाण्यासाठी सुचवणार नाही. वीज किंवा फोनपेक्षा इथे गळतीमुळे रक्कम अचानक उडी घेते, आणि पैसे परस्पर कापले गेले की कोणी बिल उघडूनही बघत नाही. लावायचीच असेल तर कमाल रक्कम घालून ठेवा.

'आज रात्री तुमचे पाणी तोडले जाईल, या क्रमांकावर फोन करा' असा निरोप आला तर फोन करू नका, दुवा उघडू नका, कोणी सांगितलेले ॲप उतरवू नका. पाणी तोडायचे तर लेखी नोटीस येते, मोबाईलवर रात्रीची धमकी नाही. आपली थकबाकी स्वतः क्रमांक टाकून तपासा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

पावत्या निदान काही वर्षे जपा, कागदी नसतील तर पीडीएफ. घर विकताना, भाडेकरू बदलताना किंवा जोडणीचे नाव बदलताना थकबाकी नसल्याचा पुरावा मागितला जातो, आणि तेव्हा ॲपमधला जुना इतिहास नेमका फोन बदलताना गेलेला असतो.