द्राक्षांच्या क्रेटसाठी घरगुती रोपवे

दिंडोरी-निफाडकडच्या मळ्यात ओढ्यापलीकडून द्राक्षांचे क्रेट आणण्यासाठी (माणसांसाठी मुळीच नव्हे) छोटा रोपवे उभारायचा असेल, तर आधी तारेचा झोळ (ती मध्यावर किती खाली लोंबते ते) ठरवावा. तार जितकी ताठ, तितका तिच्यावरचा ताण जास्त. खांबांमधील अंतर 60 मीटर, झोळ 3 मीटर आणि ट्रॉलीसह भार 100 किलो धरल्यास, भार मध्यावर असताना केवळ त्याच्यामुळेच सुमारे 500 किलो ताण येतो. त्यात तारेच्या वजनाचा ताण मिळवून, एकूण ताणाच्या किमान पाचपट भार सोसणारा पोलादी वायररोप घ्यावा. ओढण्याचा दोर वेगळा ठेवून ब्रेक असलेल्या हँडविंचवर (हाताने फिरवायच्या रहाटावर) गुंडाळावा. वायररोपचे टोक वळवून पकडणाऱ्या क्लॅम्पचा यू-बोल्ट (यू आकाराचा बोल्ट) वळवलेल्या मोकळ्या टोकाकडेच यावा. तो उलटा बसवलेला सर्रास दिसतो. तारेचे टोक झाडाला न बांधता काँक्रीटच्या ठोकळ्यात अडकवावे.