जिन, लिआंग, कॅटी: चिनी वजनांचा हिशोब करताना या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे "जिन म्हणजे अर्धा किलो" एवढं पाठ करून ते सगळीकडे लावणं. मेनलँड चायनात ते बरोबरच आहे, 1 जिन 500 ग्रॅम, त्याचे 10 लिआंग, एक लिआंग 50 ग्रॅमचा. पण हाँगकाँगला तोच जिन, म्हणजे कॅटी, जवळपास 605 ग्रॅमची आणि तिचे भाग 16, एकेक 37.8 ग्रॅमचा, म्हणजे तिथला लिआंग, त्याला टेल म्हणतात. सिंगापूर-मलेशियातही हीच कॅटी, आणि तैवानात गोल 600, भाग तिथेही सोळाच.

सोळा ऐकून शेराचे सोळा छटाक आठवले ना? चीनमध्येही 1959 पर्यंत सोळाच होते, मग सरकारने दहा केले. "अर्धा जिन, आठ लिआंग" ही त्यांची म्हण, आपल्या "एकाच माळेचे मणी" सारखी, त्या जुन्या हिशोबातली आहे, तिच्यावरून आजच्या बेइजिंगच्या बाजारात गणित केलंत तर चुकणारच, कारण तिथे आता अर्ध्या जिनाचे लिआंग पाचच.

मी स्वतः आपटलो ते हाँगकाँगच्या शेउंग वानमध्ये, सुक्या मासळीच्या दुकानात. पाटीवर 30 डॉलर, मी खुशीत अर्धी कॅटी सुके शिंपले सांगितले, डोक्यात 15 डॉलर, आणि काउंटरवर आकडा 240! भाव टेलचा होता, कॅटीचा नव्हे. महागड्या मालाचा भाव तिथे बऱ्याचदा टेलवरच असतो, त्यामुळे पाटीवर आकड्याशेजारचं अक्षर बघा आणि मगच तोंड उघडा.

चहावाल्यांनो, तैवानचं 150 ग्रॅमचं पाकीट विचित्र वाटतं ना, ते चार लिआंग आहे, पाव जिन. आणि पुअर या दाबून बनवलेल्या चिनी चहाची 357 ग्रॅमची चकती? सात चकत्यांचा गठ्ठा केला की 2499 ग्रॅम, म्हणजे मेनलँडचे पाच जिन. आकडा उगाच नाहीये.

औषधाच्या बाबतीत मात्र अंदाजपंचे अजिबात नको. लिआंगचा दहावा भाग छिअन, मेनलँडच्या बाजारात 5 ग्रॅम, पण औषधात 1979 पासून तो 3 ग्रॅमच धरतात. जुनी चिठ्ठी बाजारच्या वजनाने मोजलीत तर डोस दीडपटीच्या वर जातो, म्हणून वैद्याकडून ग्रॅममध्येच लिहून घ्या.

सोनं घेणार असाल तर हाँगकाँगचा सोन्याचा टेल अजून वेगळा, 37.429 ग्रॅम.

आणि हो, किलोला चिनीत गोंगजिन म्हणतात, घाईत "गोंग" ऐकू आला नाही की अर्धाच माल हातात पडतो. उलटही होतं बरं का, चिनी लोक स्वतःचं वजनही जिनमध्ये सांगतात. ऑफिसातली बारीकशी शांघायची मुलगी "मी 104 झाले" म्हणाली आणि मी डोळे विस्फारून तिच्याकडे बघतच राहिलो, 52 किलो व्हायला मला चांगला अर्धा मिनिट लागला.